मोठं नको, साफ पाहिजे

प्रिय बाबा,

आज तिसरा मॉनिटर घरी आला. त्यावर जे दिसलं त्यानं माझं डोकं असं तापलं आहे की आता कोणाशी तरी भांडल्याशिवाय ते उतरायचं नाही. दादा पुण्यात. तो फोनवर हो-हो करतो आणि ठेवून देतो. दुकानदाराशी भांडून झालं. उरलात तुम्ही. जाऊन सव्वा वर्ष झालं म्हणून काय झालं? हे सगळं लुगड्याच्या तुमच्या त्या काठावरून सुरू झालं आहे, तेव्हा ऐकून घ्या.

तुमचा शेवटचा काठ. सात रुईफुलांचा. लोक एक फूल काढतात आणि तेच पदरापर्यंत नेतात, पण तुम्हाला साधं काही सुचेल तर ना! पहिलं फूल लहान, पुढचं एका घरानं मोठं, त्याच्या पुढचं आणखी एका घरानं. आलेखाच्या कागदावरच्या चौकोनाला तुम्ही चौकोन कधी म्हणालाच नाहीत. घर म्हणायचात. लाल पेन्सिलीनं भरलेलं घर म्हणजे तार वर, रिकामं घर म्हणजे तार खाली. गुडघ्यांमुळे मागावर बसणं सुटलं तरी तुम्ही अशा नक्ष्या काढून उमरेडला गणपतकाकांकडे पाठवत राहिलात आणि ते त्या विणत राहिले.

हा एक कागद तेवढा पाठवायचा राहिला होता. तुमच्या टेबलाच्या खणात सापडला. काकांना फोन केला तर म्हणाले, मागावर एका लुगड्यापुरता उभ्या तारांचा ताणा उरला आहे, तो झाला की माग उतरणार. त्यांच्या घरी त्या जागेवर खोली काढायची आहे. पोळ्याच्या आधी म्हणे. म्हणजे हा काठ विणला जायचा तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. तुमच्या नक्ष्या विणणारा दुसरा माणूस आता कुठे शोधू मी?

पण कागद घड्यांवर फाटत चाललेला. उघडला की तुकडा पडतो. म्हणून एकदाच जपून स्कॅन करून आणला आणि ठरवलं की कॉम्प्युटरवर एकेक घर पाहून नवा, स्वच्छ आलेख काढायचा. दादानं त्याचा छोटा कॉम्प्युटर पाठवला होता. तुमच्या पानाच्या डब्याएवढा आहे. त्याला स्वतःचा पडदा नाही, तो आपण आणायचा. तुमच्याच टेबलावर ठेवायचा, हेही ठरवलं. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये बसवलेलं तुमचं ते टेबल! बावीस इंच जागा, वर एक बोटही नाही.

बर्डीच्या बाजारात मॉनिटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "किती इंची पाहिजे मॅडम?" आणि मी, विणकराची पोरगी, म्हणाले, चांगला मोठा द्या, बारीक काम आहे.

हसताय ना? हसा.

त्यानं सत्तावीस इंची दिला. तो तुमच्या टेबलावर बसलाच नाही. जेवणाच्या टेबलावर मांडला आणि रोज मिहानमधल्या ऑफिसातून आल्यावर भाकरी थापायच्या आधी तासभर त्याच्यापुढे बसू लागले. चित्र लहान ठेवलं की घरं एकमेकांत मिसळायची. मोठं केलं की फुलाचे नुसते डाग व्हायचे आणि आपण कुठल्या ओळीत होतो तेच हरवायचं. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण सातही फुलं उतरवली. छापून काकांना पाठवली.

चौथ्या दिवशी काकांचा फोन. चार बोटं विणून त्यांनी माग थांबवला होता. "पोरी, सातवं फूल लंगडून राहिलं," ते म्हणाले. एवढंच. रागावले नाहीत. तेवढं उकलून ठेवतो म्हणाले, पण उकलताना तारा तुटतात, तेव्हा आणखी एकदा चुकलं तर लुगडं पूर्ण व्हायचं नाही, हेही सांगितलं. बाबा, मला इतकी लाज वाटली! घर चुकलं की तुम्ही दिवसभर जेवायचा नाहीत आणि मी तुमच्याच काठात घर चुकवलं.

मॉनिटर बदलून चोवीस इंची आणला. हे इंच तिरके मोजतात, म्हणून टेबलावर छान बसला. पण घरं तशीच, लोकरीची असल्यासारखी. पुन्हा दुकान. दुकानदार आता मला पाहिलं की फोन कानाला लावतो. मी त्याला विचारत होते की दोन्ही सारखेच धूसर कसे, आणि तो मला रंग, चकाकी, खेळताना कसा चालतो ते सांगत होता. मला खेळायचं नाही, घरं मोजायची आहेत, हे किती वेळा सांगावं माणसानं?

त्या दिवशी पर्समध्ये तुमचं तारा मोजायचं पितळी भिंग होतं. मी ते काढलं आणि सरळ पडद्यावर टेकवलं. दुकानदार म्हणाला, घासू नका मॅडम. मी मोजत होते. अर्ध्या इंचात सेहेचाळीस ठिपके. आणि तिथं उभ्या उभ्या मला तुम्ही ऐकू आलात. इतवारीत कापड घ्यायला गेलो की मी पन्हा बघायचे, केवढा रुंद आहे, किती निघेल. तुम्ही भिंग काढायचात. "पन्हा काय पाहून राहिली वं? इंचात तारा किती, थे मोज." पोत तारांवर ठरतो, पन्ह्यावर नाही, हे मला दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आणि मी दोनदा पन्हा विकत घेऊन आले!

मग मी त्याला उलटा प्रश्न केला. किती इंची ते सोडा, एका इंचात किती ते सांगा. तो खोक्यावरचे इंच पुन्हा वाचू लागला. हिशेब मीच केला. त्याच चोवीस इंचात फोर-के, म्हणजे दाट ठिपक्यांचा पडदा, आला तर इंचात दुप्पट ठिपके बसतात. तो म्हणाला, फोर-के लोक मोठ्यातच घेतात, एवढ्या लहानात कोणी मागत नाही. मी मागते आहे ना, म्हटलं. आठ दिवस लावले त्यानं आणायला. आठ दिवस तिकडे काकांचा माग थांबलेला.

आज तो आला. लावला, तर अक्षरं मुंगीएवढी. मोठी केली, तर माउसचा बाण ओढत ओढत चालायला लागला. दादाला फोन केला. तो म्हणाला जुनी केबल असेल, आणि खरंच तीच होती. पुन्हा बर्डी. मग कुठे दुपारी चार वाजता तुमचा काठ उघडला.

बाबा, काय दिसलं सांगू? कागदाचा रवा दिसला. पेन्सिल दाबली तिथली चमक दिसली. सातही फुलं एका वेळी समोर, आणि तरी प्रत्येक घर वेगळं. भिंग टेकवून ठिपके मोजायला गेले तर डोळेच हरले. मी खुशीत सातव्या फुलावर आले, माझी चूक शोधायला.

माझी चूक नव्हतीच ती.

पाकळीच्या टोकाला तुमची लाल पेन्सिल दोन घरांच्या मधल्या रेघेवर पडली आहे. अर्धी या घरात, अर्धी त्या घरात. खाली तीनदा खोडल्याच्या खुणा. पाचव्या फुलापासूनच तुमचा लाल रंग रेघांबाहेर जायला लागला आहे. मी तेच जसंच्या तसं उतरवलं होतं. तुमचं घर चुकेल असं माझ्या मनातच आलं नाही, म्हणून मी दोन मॉनिटरना शिव्या घातल्या.

काकांना फोन केला. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. ते म्हणाले, "शेवटची दोन सालं हेच चाललं होतं पोरी. एक-दोन घरं इकडे-तिकडे होत. मी मागावर सुधरून घेत होतो. त्याले काहून सांगू? पण हे तू कम्प्युटरवरून पाठवलं. मले वाटलं, मशीननं काहाडलं म्हणजे बरोबरच असन. म्हणून तसंच विणलं."

म्हणजे उमरेडला बसून काकांना कळत होतं, आणि मी याच घरात, भिंतीपलीकडे होते. आणि तुम्ही तर मला सांगितलं होतं! मले घरं दिसत नाही वं, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. मी काय केलं? मोठ्या चौकोनांचा कागद आणून दिला. मग दिवाळीत भिंत भरेल एवढा टीव्ही आणला. कागद तुम्ही गादीखाली सारलात आणि म्हणालात, "मले मोठं नाही पाहिजे वं बारके, साफ पाहिजे." मी म्हटलं, यांना काही पसंतच पडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ऑफिसचं काम आटोपलं की नेऊ, म्हटलं. ऑफिसचं काम कधी आटोपतं का?

पण तुम्ही तरी एकदाच का सांगितलंत? काकांच्या सुताचा रंग जरा उतरला तर दहा वेळा फोन करणारे तुम्ही! स्वतःच्या डोळ्यांसाठी माझ्याशी एकदा भांडला असतात तर काय बिघडलं असतं? आज मला राग दुकानदाराचा नाही, केबलचा नाही. तुमचा आहे. आणि त्याहून जास्त माझा.

असो. ते घर मी बरोबर केलं आहे. सहाव्या फुलावरून मोजलं, पाचव्यावरून पडताळलं, भिंग लावून छापील कागदावर पुन्हा पाहिलं. तुमच्या मूळ कागदाला हात लावलेला नाही, तो आहे तसा तुमच्या खणात राहील.

रविवारी मी स्वतः उमरेडला जाते आहे. लुगड्यात चूक राहणार नाही, आणि ती कोणाची होती हे काकांच्या आणि माझ्या बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द. काकाही आता सत्तरीला आले आहेत. नक्षी त्यांच्या हातात देण्याआधी मी त्यांच्या शेजारी बसून विचारीन, काका, तुम्हाला साफ दिसतं का? आणि ते हो म्हणाले तरी सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकून त्यांना डॉक्टरकडे नेईन.

तुमची,
बारकी