बारा नोटा

६ नोव्हें., गुरु.
थेरपीच्या मॅडमनी आज ह्यांना चौथीचं गणित दिलं. दहाच्या आणि पन्नासच्या मिळून बारा नोटा, एकूण २८० रु., तर कोणत्या किती? दहावीच्या पोरांना गणित शिकवण्यात ह्यांचा जन्म गेला. कागदाकडे नुसते बघत बसले. मग लिहायला उजवा हात उचलायला गेले. झटका आल्यापासून तो उचलत नाही, ते विसरतात अजून.
मॅडम अकलूजच्या, आमच्या पल्लवीपेक्षाही लहान. म्हणाल्या, "सर, समीकरण राहू द्या. अंदाजानं करून बघा."
ह्यांनी तोंड फिरवलं. अंदाजानं उत्तर काढणाऱ्या पोरांना हे क्लासमध्ये उभं करायचे.

८ नोव्हें., शनि.
डब्यातल्या खऱ्या नोटा काढून दिल्या. ह्यांनी सहा-सहा मांडल्या. झाले ३६०. मी म्हटलं, "जास्त झाले." तर दहाची एक परत ठेवून पन्नासची घेतली. ४००. अजून एक. ४४०. मी हात धरला. सगळ्या नोटा खाली ढकलल्या.
"जा." एवढा एकच शब्द स्वच्छ येतो.
मी गेले. भाकरी दुधात कुस्करून आणली, जेवले नाहीत. मग मीही.

११ नोव्हें., मंगळ.
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, उत्तर नाही आलं तरी चालंल. जास्त झालं की कमी करायचं, एवढं कळतंय का बघा. ते कळलं की पुढचं बघू." आणि नाहीच कळलं तर, हे विचारायचं धाडस झालं नाही.
दुपारी इक्बालभाई आले. क्लासची खोली त्यांचीच, टायरच्या दुकानावरची. उभ्या उभ्याच बोलले. "भाभी, दुसरे एक सर खोली मागायलेत. मैं रुकता, पर कब तक की? महिनाअखेर सांगा." चहा नको म्हणाले. हे आतच होते, ऐकलं असणार.
संध्याकाळी पुण्याहून पल्लवीचा फोन. "आई, सोड ती खोली. बाबा आता शिकवणार नाहीत गं." इतकं सरळ अजून कुणी बोललं नव्हतं. मी फोन ठेवला.

१७ नोव्हें., सोम.
रोज सहा-सहापासून सुरुवात. रोज सात, रोज आठ. ३६० आकडा डोळ्यांपुढे नको झालाय.
आज सातवर थांबले. पन्नासची सातवी नोट हातात, बराच वेळ. मग परत ठेवली. आणि एक कमी केली. पाच. ३२०. मी स्वैपाकघराच्या दारात तशीच उभी. चार. मोजलं. परत मोजलं. २८०.
"आलं की!"
मान हलवली. "रीत... न्हाय." डाव्या हातानं कागदावर वाकडंतिकडं शून्य काढलं आणि त्याला गोल केला. पोरांच्या पेपरावर करायचे तसा.
मला रडूच आलं. आनंदाचं की कसलं

१९ नोव्हें., बुध.
परत सहा, सात, आठ. परवाचं काहीच शिल्लक नाही. आज रागावलेसुद्धा नाहीत. ते जास्त लागलं.

३० नोव्हें., रवि.
खोली सोडायची ठरवलं. ह्यांना नेणार नव्हते, पण चप्पल घालून दारात उभे राहिले. इक्बालभाईंनी बगलेत धरून जिना चढवला. दोनदा थांबून. मग, "सामान आराम से निकालो भाभी," म्हणून खाली गेले.
मी पुस्तकं बांधायला घेतली. हे फळ्यापाशी. डाव्या हातात खडू. क्ष + य = १२. लहान पोराचं असतं तसं अक्षर. त्याखाली बरोबरचं चिन्ह काढलं, आणि पुढे काही नाही. खडू फळ्याला टेकलेला. सुतळी माझ्या हातातच राहिली.
मला येते ती दुसरी ओळ. ही खोली घेण्याआधी क्लास घरीच होता, तेव्हा भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालीय. सांगितली नाही.
ह्यांनी तळहातानं पुसून टाकलं. रिकाम्या बाकांकडे वळले. "कळ... लं?"
खालून इक्बालभाईंची हाक, "भाभी, हो गया क्या?"
मी शेवटच्या बाकावर बसले. म्हटलं, "नाही कळलं, सर."
ते परत फळ्याकडे वळले.