झडपेत अडकलेलं पाकीट

दादा, बूट घालायच्या आधी हे वाच.

गाडीत हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर ठणठणीत आहे. सोडवून हातात धरली तर गरगर फिरते. अडली होती ती हवेची झडप. मोटर ढकलायची, झडप हलायची नाही, म्हणून ती टकटक. बाहेरची हवा यायचीच नाही, आतलीच दमट हवा फिरायची आणि काचेवर वाफ धरायची. वहिनी बाहेरच्या हवेचं बटण बरोबरच दाबत होती. परवा तू 'भलतंच बटण दाबून मोटर बिघडवलीस' म्हणून तिला उगाच ऐकवलंस.

डॅशबोर्डचा कप्पा काढला, तर मागे झडपेच्या तोंडात सिगारेटचं पाकीट. अर्धं रिकामं. छातीच्या ऑपरेशननंतर देवासमोर हात जोडून सोडली होतीस ना रे?

वहिनीने दारातूनच विचारलं, "काय निघालं हो भावजी?" मी मूठ मिटली आणि म्हणालो, "कचरा." तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो, दुसऱ्यांदा जमायचं नाही.

पाकीट तुझ्या उजव्या बुटात आहे. गाडीची किल्ली मी वहिनीला दिलीय, आज तुला कामावर तीच सोडणार आहे. काच आता स्वच्छ राहील आणि रस्ताही लांब आहे. तेवढ्यात सांगून टाक.