नातू मोठ्यांतच खेळणार

३ तारीख, सकाळ
फुटबॉल अकॅडमीने नातवाला खालच्या गटात टाकलं. चौदा वर्षांचा घोडा बारा वर्षांच्या पोरांत! कोच म्हणे, अंग उशिरा भरतंय, तोवर लहानांत खेळू दे, पायातला खेळ टिकेल. मी जन्मभर शिंपीकाम केलं. माप चुकलं की आम्हीही सांगायचो, वाढतं अंग आहे, ढगळच बरं. मला शिकवतो!

५ तारीख
निश्चय : कोचला जाब विचारायचा. सूनबाईंनी विचारलं, बाबा, तुम्ही चेंडूला कधी पाय तरी लावलाय का? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

६ तारीख
गेलो नाही. गुडघा.

९ तारीख
गेलो. खालच्या गटात एक पोरगं आहे, त्याला सगळे वाटाणा म्हणतात. मोज्यांत बुडालेलं. बाप कुंपणाला टेकून खुशाल शेंगा खातोय. मला म्हणतो, काका, कोचला कळतं ना, आपण कशाला नाक खुपसायचं? अशांचीच पोरं जन्मभर बाकावर बसतात.
कोचला सुनावलं. वरच्या गटात घ्या, नाहीतर पोराला घरी नेतो. नातू मागून माझा सदरा ओढत होता. लाजाळू आहे. कोच म्हणाला, घेतो, पण अकॅडमीत कुणाला ठेवायचं ही महिनाअखेरची निवड मग तिथल्याच खेळावर होईल. टरकला!

१४ तारीख
वरच्या गटात पहिली मॅच. समोर मिशा फुटलेला रेडा. नातू तीनदा आडवा. मी ओरडलो, अंगावर जा! गेला. चौथ्यांदा आडवा.

१५ तारीख
निश्चय : नातवाला रोज दोन अंडी. तो म्हणाला, आजोबा, खाली मला चेंडू तरी मिळायचा. म्हटलं, चेंडू काय, कुणालाही मिळतो.

२२ तारीख
दुसरी मॅच. चेंडू मिळाला नाही. मैदान उताराचं आहे.

३० तारीख
नातवाला काढलं. वाटाण्याला ठेवलं. कोच माझ्या मुलाला म्हणाला, तुमच्या पोराला दोन वर्षं खालीच सांभाळून सीनियर टीमपर्यंत न्यायचा विचार होता. पण वर घेतल्यावर वरच्याच मापाने मोजावं लागलं. हे सांगताना मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही.
कोच खुनशी आहे. तक्रार करणार.

३१ तारीख, संध्याकाळ
तक्रार राहिली. चष्मा सापडेना.
खाली गल्लीत नातू बारक्या पोरांत खेळत होता. चौघांना चकवून गेला, हसतसुद्धा होता. मी बाल्कनीत आलो. त्याने चेंडू पायाखाली धरला. म्हणाला, आजोबा, आत जा ना. सगळी पोरं वर बघत थांबली.
वारा फार होता. मी आत येणारच होतो.