विमान, बॅटरी, चार्जर आणि ही

रविवार, ११ जानेवारी

आणलं एकदाचं! विमान, रिमोट, साडेआठ हजारांत सगळं — असं दुकानदार म्हणाला होता. घरी येऊन खोका उघडतो तर सगळं म्हणजे बॅटरी सोडून, चार्जर सोडून. आत एक यादी, खोक्यात नसलेल्या वस्तूंची. चांगली हातभर. उद्या परत दुकानात.

ही म्हणाली, "खेळण्याला एवढे?" खेळणं नाही, मॉडेल! पण हिला काय सांगायचं. बालवाडीत शिकवते. मिक्सरचं झाकण अजून माझ्याकडून बसवून घेते.

मंगळवार, १३ जानेवारी

चार्जर, दोन बॅटऱ्या, नाकावर लावायचे चार जास्तीचे पंखे, खास गोंद. तेरा हजारांच्या पुढे गेलं. हिला अकरा सांगितले.

रविवार, १८ जानेवारी

मैदान वीटभट्टीच्या मागे. शिकवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणतात — आयुष्यभर बस चालवलेला माणूस. त्याचा रिमोट आणि माझा रिमोट वायरीनं जोडतो. त्याच्या हातात एक बटण. दाबून धरलं की विमान माझं, सोडलं की त्याचं.

दूर जाताना काही अडचण नाही. विमान तोंड करून आपल्याकडे यायला लागलं की घोळ! रिमोटवरची काठी उजवीकडे दाबावी तर ते माझ्या डाव्या हाताला वळतं. डोक्याला कळतं, अंगठ्याला कळत नाही. कप्तानानं आठ मिनिटांत अकरा वेळा काढून घेतलं. मी मोजलं.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्र मला ऐकत नाही असं आजवर झालेलं नाही. येईल.

रविवार, २५ जानेवारी

आज ही सोबत आली. घडीच्या खुर्चीत बसून मुलांच्या चित्रवह्या तपासत होती. माझ्याकडून कप्तानानं आज नऊ वेळा काढून घेतलं. बॅटरीत थोडा जीव उरला होता तर कप्तान म्हणाला, "वहिनी, बघा एकदा धरून." ही म्हणाली, "नको हो, मोडायचं." आणि धरलंच.

एकदाही बटण सोडावं लागलं नाही त्याला. एकदाही नाही. विमान समोरून येतंय, ही आपली शांत, जीभ जरा बाहेर, वहीत रंग भरावा तशी.

"आधी उडवलंय का?" कप्तानानं विचारलं. "छे हो. मुलांपुढे उभी राहून गाणी घेते ना मी. त्यांनी उजवा हात वर करायचा तर मी माझा डावा करते. हे समोरून आलं म्हणजे एक पोरगंच आलं की."

सगळे हसले. मीही हसलो. मनात काय आलं ते इथेच लिहितो — मला तिचा राग आला. इतका, की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. हिला वाटलं मी दमलो.

रविवार, १ फेब्रुवारी

पाडलं. माझ्या हातून, कप्तानानं बटण सोडेपर्यंत. नाक तुटलं, पंखा गेला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तीन दिवस संध्याकाळी गोंद लावतोय. लेकीचा फोन आला होता. "बाबा, आई पायलट झाली म्हणे!" माझं कसं चाललंय, हे तिनं शेवटी विचारलं. फोन ठेवता ठेवता.

रविवार, ८ फेब्रुवारी

मी चिकटवायचं, हिनं उडवायचं. हा धंदा बरा आहे.

आज उतरवलंसुद्धा. गवतावर, अलगद. कप्तान मला कोपरानं ढोसून म्हणतो, "हात बघा वहिनींचे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिनं उतरवल्यावर पहिलं माझ्याकडे पाहिलं. खूश होती. मी बॅटरी तपासत असल्यासारखं केलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

मी पुन्हा पाडलं. डावा पंख. नवा घ्यावा लागणार.

कप्तान म्हणाला, "पुढच्या रविवारी वहिनींची वायर काढायची. एकट्या उडवतील." मी विचारलं, माझी? "तुमचं बघू. घाई काय आहे?"

हौस माझी. पैसे माझे. मीच आणलं हिला तिथे. अंगाचा नुसता तिळपापड झालाय. पन्नाशी उलटलेल्या माणसानं बायकोवर जळावं — लिहितानाही लाज वाटते. पण जळतोय.

शनिवार, २१ फेब्रुवारी

ही शाळेत पालकसभेला. नवा पंख बसवला. सगळं चोख.

रिमोटच्या खालच्या बाजूला चार बारीक खटके आहेत. त्यातला एक फिरवला की डाव्याचं उजवं होतं. चुकून हात लागू नये म्हणून कप्तानानं त्यावर चिकटपट्टी लावून दिली आहे. ती मी काढली. एक खटका फिरवला. पट्टी परत लावली.

फोमचं विमान आहे. गवतात पडेल. कुणाला लागायचं नाही. फक्त एकदा पडू दे तिच्या हातून. एकदाच.

ही चार वाजता आली. म्हणाली, "झालं? तुमच्यासारखं कुणी करणार नाही हो." मी चहा टाकला.

रविवार, २२ फेब्रुवारी

कप्तानानं वायर काढली. उडवण्याआधी काठी हलवून पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या बघायच्या असतात, तो नेम आहे. मला वाटलं होतं, गडबडीत ही विसरेल. विसरली नाही. काठी उजवीकडे नेली. पट्ट्या उलट्या हलल्या. थांबली. पुन्हा नेली.

रिमोट उलटा केला. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  नखानं पट्टी सोडवली, खटका जागच्या जागी केला.

"तपासलं का वहिनी?" कप्तान दुसऱ्या कुणाच्या तरी विमानात डोकं घालून होता. "हो. ठीक आहे सगळं," ही म्हणाली.

तीनदा उडवलं, तीनदा उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना भाजी घेतली. एक शब्द बोलली नाही त्याबद्दल. माझं धाडस होईना.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

अजून काही नाही. नेहमीसारखं बोलते. डबा देते. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १ मार्च

हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत दर रविवारी मी भरतो. सहा वर्षं झाली. आजही भरून ठेवल्या. आंघोळ करून आलो तर हिनं डबी टेबलावर उपडी केली होती. चष्मा लावून एकेक गोळी पाकिटाशी पडताळून परत भरत होती. मी दारात उभा आहे हे हिला दिसलं. थांबली नाही.