न काढलेले सोळा स्क्रू

मी, आर्विड मॅथ्यू कोस्केला, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार पेल्टो कॉर्नर, अप्पर मिशिगन, पूर्वी कागद कारखान्यात पाइप फिटर, हल्ली काही नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. गुडघे आणि खुबा यांच्याबद्दल कोणी दाखला देणार नाही, पण मृत्युपत्राला त्यांची गरज नसावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे माणूस आठ वर्षांपूर्वीच गेले.

सन २०१२ चे माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात एका माणसाचे नाव फार प्रेमाने घातले होते. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

कलम एक. घर, घरामागची सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि बँकेत जे काही निघेल ते माझी मुलगी काइसा हिला. काइसा, सौना ही अडगळीची खोली नव्हे. तिच्यात जुने टायर आणि ख्रिसमसच्या पेट्या भरल्यास तर मला मेल्यावरही वाईट वाटेल. आठवड्यातून एकदा तरी तापव.

कलम दोन. पाइपाचे सगळे पाने, आटे पाडायचे हत्यार आणि लाकडी पेटी शेजारच्या इनेझ ट्रूडोबाईंना. या गावात उसने नेलेले हत्यार पुसून परत करणारे तेवढे एकच माणूस आहे. चौतीस वर्षे मी कारखान्यात वाफेचे जोड बसवले आणि माझा एकही जोड गळला नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, पुढच्या कलमासाठी लिहीत आहे.

कलम तीन. अंगणातला कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे आमचे चाकांवरचे घर. माझी बायको एल्मा हिने आणि मी तो १९७४ साली घेतला आणि सदतीस उन्हाळे त्यात काढले. त्याच्या छपरात मधोमध हवेची एक खिडकी आहे, तिला आम्ही व्हेंट म्हणतो. आत हँडल फिरवले की झाकण वर उचलले जाते. त्याची चौकट सोळा स्क्रूंनी पत्र्यावर बसवलेली आहे आणि चौकटीखाली चिकट टेप असते. टेप वाळली की पाणी आत येते. त्याला उपाय एकच. सोळाही स्क्रू काढायचे, चौकट उचलायची, जुनी टेप खरवडायची, नवी घालायची, चौकट परत बसवायची. वरून काहीतरी फासून भागत नाही. वरून बंद दिसते आणि पाणी आतल्या आत लाकडात पसरत राहते.

व्हेंटच्या भोवतीच्या लाकडी छतावर एल्मा पेन्सिलीने लिहायची. गादीवर उताणी पडून, दर उन्हाळ्यात, जिथे मुक्काम केला तिथले एक वाक्य. "१९७६. अस्वलाने लोणी नेले, पाव ठेवला." "१९८३. रेइनोला बरोबर आणले. घोरतो. पुन्हा आणणार नाही." पुढच्या वर्षी त्याच्याच खाली "आणले." ती गेल्यावर बर्फ वितळले की मी दर रविवारी त्या गादीवर पडून ते छत वाचत असे. थडग्यापाशी मी फारसा जात नाही. मला माझी बायको तिथे सापडत नाही, या छतावर सापडायची.

एप्रिल २०१७ मध्ये व्हेंट ठिबकू लागला आणि मे महिन्यात माझा खुबा बदलायचा ठरला. मी रेइनोला सांगितले. रेइनो हेइक्का म्हणजे माझा मेहुणा, एल्माचा धाकटा भाऊ, पूर्वी टपालाची गाडी चालवायचा. चाळीस वर्षे दर शनिवारी माझ्या सौनेत माझ्या शेजारी बसलेला माणूस. टेप मी स्वतः आणून दिली. इस्पितळात त्याचा फोन आला. "सोळाच्या सोळा काढले, खालचं सगळं खरवडलं, तुझी टेप घातली. आता वर अस्वल नाचलं तरी थेंब यायचा नाही." मी नर्सबाईंना सांगितले, माझा मेहुणा सोन्यासारखा माणूस आहे.

पहिला उन्हाळा मला कॅम्परची पायरी चढता आली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात छतावर पिवळा डाग दिसला. जुने व्हार्निश आहे, असे रेइनो म्हणाला आणि मी मानले. या जूनमध्ये दार उघडले तर छताचे पापुद्रे गादीवर पडले होते. लाकूड काळे पडून भाकरीच्या चुऱ्यासारखे हातात येत होते. एक अक्षर उरले नव्हते. मी तिथेच खाली बसलो आणि मोठ्याने रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग डॉक्टरीणबाईंचे न ऐकता मी छपरावर चढलो. शिडी इनेझबाईंनी धरली. एकही स्क्रू हललेला नव्हता. पूर्वी मीच छपराला दिलेला रुपेरी रंग प्रत्येक स्क्रूच्या खाचेत जसाच्या तसा होता आणि वरून न्हाणीघरात लावतात ते सिलिकॉन जाडजूड फासलेले होते. ज्याने हे काम केले आहे त्याला माहीत असते की सिलिकॉनवर नंतर दुसरे काही चिकटत नाही. पुढच्या माणसाने नखांनी खरवडत बसावे. माझी टेप कॅम्परच्या खालच्या कप्प्यात सापडली, वेष्टनही न फोडलेली.

मी एक स्क्रू काढून खिशात ठेवला. त्या शनिवारी चर्चच्या तळघरात आम्ही सगळे विक्रीसाठी पास्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भरत होतो. वीसेक माणसे, पिठाचे हात. मी रेइनोला सहज विचारावे तसे विचारले, सोळाही काढले होतेस ना.

"काढले की. दोन वर्षं झाली, अजून तेच?"

मी स्क्रू त्याच्या समोर पिठात ठेवला. त्याने रंग पाहिला. मग हळूच म्हणाला, "शिडी धरायला कोण होतं, आर्विड?"

"खोटं बोलायला शिडी लागत नाही," मी म्हणालो. "आणि व्हार्निश म्हणालास, तेव्हा तर तू जमिनीवरच उभा होतास. बहीण होती ती तुझी. तिची अक्षरं सडवलीस तू."

सगळ्यांचे हात थांबले होते. त्याने ॲप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याची माझी गाठ नाही.

कलम चार. आधीच्या मृत्युपत्राप्रमाणे कॅम्पर रेइनोला जायचा होता. आता तो भंगारात द्यावा. रेइनो हेइक्का याला त्यातला एक स्क्रूसुद्धा मिळू नये. त्याने नुसते सांगितले असते, "जमलं नाही, भीती वाटली," तर मी इस्पितळातून दुसऱ्या कोणाला धाडले असते आणि एल्माचे छत आज शाबूत असते. पाणी कोणाच्याही हातून गळते. तो दोन वर्षे माझ्या शेजारी उघड्या अंगाने बसून, गरम दगडांवर पाणी ओतत, मला फसवत राहिला. माझ्या दफनाला त्याने यावे, कॉफी प्यावी, पण शवपेटीला हात लावू नये. खांदा द्यायला सहा माणसे मिळाली नाहीत तर पाचांनी न्यावी.

येथवर ९ ऑक्टोबर रोजी लिहिले.

कलम पाच, आज वाढवलेले. भंगारवाला सोमवारी येणार म्हणून काल मी कॅम्परमधली भांडी काढायला गेलो. पलंगावरच्या कपाटात मागे एक पोचे आलेले ॲल्युमिनियमचे पातेले असते. व्हेंट ठिबकला की एल्मा ते खाली ठेवायची. ते उचलले तर मागच्या फळीवर पेन्सिलीची अक्षरे. छतावर ती सगळ्यांना वाचता यावे असे इंग्रजीत लिहायची. हे फिनिशमध्ये होते, आईशी बोलायची त्या भाषेत. जसेच्या तसे देतो.

"१९ ऑगस्ट १९८७. आर्विड म्हणतो, सगळे स्क्रू काढून नीट बसवला. शिडी मीच धरली होती. दहा मिनिटांत उतरला. सोळा स्क्रू दहा मिनिटांत निघत नाहीत. पातेलं माझ्या उशाशी घेतलंय. बोलणार नाही. त्याचा चेहरा पडतो."

मी हे पार विसरून गेलो होतो, असे लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. त्या दिवशी पाऊस यायला लागला होता, पत्रा निसरडा होता आणि माझे पाय लटपटत होते. मी वरून डांबर फासले आणि खाली येऊन छाती पुढे काढून खोटे बोललो. पुढच्या वसंतात ती माहेरी गेली असताना गुपचूप नीट केले आणि तेही सांगितले नाही. मी तेव्हा सत्तेचाळीसचा होतो आणि शिडी धरायला माणूस होते. रेइनो चौऱ्याहत्तरचा होता आणि एकटा होता.

म्हणून त्याचे खोटे लहान होत नाही. छत गेले ते गेले, आणि मी अजून रागावलेलोच आहे. व्हार्निशबद्दल तर फारच. पण एल्माने चोवीस वर्षे माझा चेहरा पडू दिला नाही, आणि मी तिच्या भावाचा वीस माणसांसमोर पाडला.

तरी कलम चार मी खोडत नाही. त्याला ही जोड देतो. भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवले आहे. उद्या शनिवार, सौना तापवणार आहे आणि रेइनोला तसा निरोप इनेझबाईंकडून गेला आहे. तो आला तर आधी त्याला कपाटातली ती फळी वाचायला देईन. मग तो वर चढेल आणि शिडी मी धरीन, उरलेले पंधराच्या पंधरा निघेपर्यंत, कितीही वेळ लागो. तसे झाल्यास कलम चार रद्द, कॅम्पर त्याचा, आणि शवपेटीचा पुढचा डावा कोपराही त्याचा. तो आला नाही तर कलम चार लिहिले आहे तसेच राहील.

पातेले मात्र दोन्ही परिस्थितींत त्यालाच द्यावे. ते त्याच्या बहिणीच्या उशाशी असायचे, आणि तिथे ते माझ्यामुळे होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा लावून वाचला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही. कॉफी मिळाली, तेवढीच.

सही: आर्विड एम. कोस्केला

साक्षीदार: १. हिल्डा बर्गक्विस्ट, ग्रंथपाल. २. क्लॅरेन्स ओयाला, चर्चचे कारभारी. पास्ट्यांच्या दिवशी तळघरात हजर होतो, आणि आता ती फळीही वाचली.

ठिकाण: पेल्टो कॉर्नर. शुक्रवार, दिनांक १८ ऑक्टोबर २०१९.