फिफ्टी नाईन, बेटा

३ ऑगस्ट
अँटेना शेवटी जीपच्या मागच्या बंपरवर! मला तो टपावर, अगदी मधोमध हवा होता. खाली पत्रा पसरलेला असला की आवाज चारी बाजूंना सारखा जातो. बाबा म्हणाले, "टपावर सवारीचं सामान ठेवू का तुही काडी?" घर त्या जीपवर चालतं. बंपरवरच लावला.

पाचला वडनेरहून हाक दिली. खामगावहून फकीर चाचा — "फिफ्टी नाईन, बेटा! आवाज एकदम साफ." म्हणजे स्पष्टपणाला पाचपैकी पाच, जोराला नऊपैकी नऊ. बंपरवरून!

चाचांनीच मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नाद लावला, लायसन्सच्या परीक्षेला बसवलं. गेल्या पुरात मोबाईल बंद पडले, तेव्हा आमच्या गावाला कोणालाच हाक मारता आली नाही. घरातली पहिली पदवीधर मी. एवढं तरी माझ्याकडून व्हावं.

९ ऑगस्ट
जीपचं तोंड खामगावकडे केलं. आता अँटेना आणि चाचांच्या मध्ये सगळी बॉडी. तरी फिफ्टी नाईन! परीक्षेचं पुस्तक चुकतंय की काय?

१४ ऑगस्ट
बाबा चहाला गेले तेवढ्यात टपावर लावून पाहिला. फिफ्टी नाईन. मग फरक काय? बाबा यायच्या आत परत बंपरवर.

२१ ऑगस्ट
माईक उघडला तर आतली आवाजाची वायर तुटलेली. दुपारी सवारीच्या पोत्याखाली दबला होता. म्हणजे आज माझा एक शब्दही गेला नाही. आणि चाचा म्हणाले, "आवाज एकदम साफ"!

खोटं. सगळं खोटं! उद्या पुरात कोणी माझ्या भरवशावर राहिलं तर?

२२ ऑगस्ट
भांडायलाच खामगावला गेले. नूरजहां चाची दारातच म्हणाली, "कितीबी ओरड बेटा. त्याइले ईदपासून ऐकूच येत नाही."

मी बटण दाबलं की, आवाज नसला तरी, चाचांच्या रेडिओ सेटवर हिरवा दिवा लागतो, म्हणजे मी बोलतेय. विझला की चाचा बोलतात. एवढंच.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुही हाक बंद होईन म्हणून. दिवसभर त्या दिव्याचीच वाट पाहतात."

आत चाचा फडक्याने सेट पुसत होते. मला पाहून हसले. मी शेजारी बसून त्यांचा माईक पुसायला घेतला.

३० ऑगस्ट
माईकची वायर जोडली. रोज हाक देते. बाजारभाव, पाऊस, काहीही बोलते. दिवा लागला पाहिजे.

११ सप्टेंबर
चाचा गेले. पहाटे, झोपेत.

१८ सप्टेंबर
पाचला सवयीने बटण दाबलं. तिकडे कोणी नाही हे माहीत असून बोलले.

सेट खरखरला. "बेटा..." चाची! "कटून राह्यला वं तुहा आवाज. अर्धं समजलं, अर्धं नाही. त्या बंपरवरून काढ बरं ते."

चाचीकडे लायसन्स नाही. हे नियमात बसत नाही. आणि माझ्या आवाजाचा हा पहिला खरा रिपोर्ट.

बाबांनीही ऐकलं. जीपमधून उतरले आणि टपावरचं सामान सोडायला लागले.