जावयाचा डावा पाय

राहुरी, धोंड्याचा महिना

तीर्थस्वरूप आक्कास,
ज्ञानूचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच साष्टांग, उरलेली अंगं मनाने टेकली आहेत असं समज). तुझा दमा कसा आहे, म्हैस व्याली का, ते कळव. आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे काल दुपारी घरात जे पाहिलं त्याने मी हबकून गेलोय, अजून घास गोड लागत नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी भांडण. हे स्थळ तू आणलंस. "शेजारचं पोरगं हाय, भाताच्या खाचरात बॅट फिरवून भारताच्या संघात गेलंय, सृष्टीला यापरीस काय पायजे," असं तू म्हणालीस तेव्हा त्याच्या डोक्यातल्या विस्तवाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतंस. पहिल्याच मालिकेत रविराजरावांनी शतक ठोकलं आणि आमच्या गल्लीने 'राहुरीचे लाडके जावई' असा फ्लेक्स लावला. पुढच्या सामन्यात बाद दिलं म्हणून त्यांनी बॅट भिरकावली, ती अंपायरच्या पायाशी पडली, फ्लेक्स उतरला. दंड, माफी, पुन्हा संघात, पुन्हा फ्लेक्स. मग परदेशात कुठल्याशा राजदूताकडे मेजवानी होती, तिथे हे वर कोट आणि खाली रबरी चपला घालून गेले. (टीव्हीवर दोन दिवस त्या चपलाच दाखवत होते. तुझ्या भावजयीने रागाने माझ्या चपला माळ्यावर टाकल्या, माझा काही संबंध नसताना.) मग सरावाला सगळा संघ पळत असताना हे झाडाखाली बसून. कोचने विचारलं तर म्हणे, धावा मी बॅटने काढतो. झालं, संघाबाहेर. जागेवर आलेला पोरगा दोनदा शून्यावर गेला की पुन्हा सन्मानाने बोलावणं. तो फ्लेक्स इतक्या वेळा चढला आणि उतरला की शेवटी रसवंतीवाल्या मच्छिंद्रने तो उन्हाला आडोसा म्हणून नेला. आता आमच्या जावयाच्या सावलीत लोक उसाचा रस पितात.

आणि या मार्चमध्ये कळसच झाला. तू पाहिलंच असशील. कप्तान ब्याण्णववर खेळत होता. रविराजरावांनी चेंडू तटवला, कप्तान धावत सुटला, आणि आमचे जावई खांब रोवल्यासारखे जागच्या जागी. कप्तान धावबाद. पुढच्या चेंडूवर यांनी षटकार मारला, म्हणजे जखमेवर मीठ. साऱ्या देशाने ज्या शिव्या घातल्या त्या थोरल्या बहिणीला लिहिण्यासारख्या नाहीत. दौरा अर्धा टाकून घरी पाठवलं. आता येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी मुंबईत शिस्त समितीपुढे उभं राहायचंय. का धावला नाहीत ते सांगा, नाहीतर दोन वर्षं बंदी. माणूस बत्तीस वर्षांचा, दोन वर्षांनी कोण विचारतो? पण हे गृहस्थ तोंडात गुळणी धरून बसलेत. सृष्टी एकीकडे डोळे पुसते, दुसरीकडे आम्हालाच म्हणते, "पप्पा, तुम्ही काही विचारू नका." मी मनात म्हणत होतो, माज आहे, दुसरं काय.

तर अशा जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण, मग तो कसाही असो. आले, पण पंख्याखालीसुद्धा पायात मोजे. (राहुरीचं ऊन तुला माहीत आहे. माणसं कातडीसुद्धा काढून ठेवतील.) तुझी भावजय म्हणाली, परदेशी सवय असेल. तेहतीस अनारसे झाले, पुरणाचे धोंडे झाले, दिवा लागला. पाय धुवायला परात पुढे सरकवली तर नारायण मागे सरकले. "मामा, पाय-बीय नगं. वाण द्या, मी जेवतो." मी शिक्षणखात्यात तीस वर्षं कारकुनी केली आहे, एक पायरी गाळून पुढचं काम करणं माझ्या रक्तात नाही. खाली बसलो, डावा पाय धरला आणि मोजा ओढला.

आक्का, तो पाय नव्हता. घोट्यापासून बोटांपर्यंत काळानिळा, सुजून वांग्यासारखा तुकतुकीत, आणि करंगळीशेजारचं बोट भलत्याच दिशेला वळलेलं. माझ्या हातातला तांब्या परातीत पडला. तुझ्या भावजयीला रडायचं की औक्षण करायचं ते सुचेना, ती दोन्ही करत राहिली. दीड वर्षापासून हाड मोडलेलं आहे म्हणे, थोडं सांधतं आणि पुन्हा तडकतं. मेजवानीच्या दिवशी बूट चढला नव्हता. झाडाखाली बसले ते उभं राहवत नव्हतं म्हणून. आणि त्या दिवशी धावायला पाय उचलला तर तो उचललाच गेला नाही. (बॅट मात्र निव्वळ रागाने फेकली होती. मी मुद्दाम विचारून घेतलं.)

मी म्हटलं, अहो रविराजराव, हे एकदा सांगून टाका ना. त्यावर परातीत पाय तसाच ठेवून ते जे बोलले ते माझ्या कानातून जात नाही. "मामा, मागं खांदा दुखतोय म्हनालो, तर दोन वर्सं घरी बसवलं. मस्तवालाला परत बोलवत्यात, लंगड्याला न्हाई." मग हात जोडून म्हणाले, "वाण म्हनून एवढंच द्या. कुनाला सांगू नका." आता धोंड्याच्या महिन्यात पाय धुताना जावयाने मागितलेलं वाण नाही म्हणता येतं का? दिलं वचन. सृष्टीने तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच दिलं होतं, म्हणून ती गप्प. ज्याला मी वर्षभर माजोरी म्हणत होतो, तो माणूस मोडक्या पायावर देशासाठी उभा होता, आणि मी त्याच्या चपलांवर हसत होतो. मला फार वाईट वाटतंय.

तू घरचीच. तुला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. हे पोटात ठेव.

तुझा धाकटा,
ज्ञानू

ता. क. माझ्या मूळव्याधीची गोष्टही तू अशीच पोटात ठेवली होतीस. पुढच्याच आठवड्यात तुमच्या राजूरच्या बाजारात मेथीवाल्या बाईने मला न विचारता औषध सांगितलं. त्या वेळी मी तुझ्यावर रागावलो होतो. आता राग नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या पलीकडचा गोरक्षनाथ अजून ते मोबाईलवरच्या बातम्यांचं चॅनेल चालवतो ना? त्याच्याशी अजिबात बोलू नकोस. विशेषतः या बाजाराच्या दिवशी नको, कारण त्या दिवशी बातमी संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचते. मी वचनाला बांधलेला आहे. तुझ्याकडून कुणी वचन घेतलेलं नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

ता. क. तिसरा. पाकिटावर तुझं नाव लिहीत होतो तर जावई मागे येऊन उभे. ते पत्ता बघत राहिले, मग म्हणाले, "राजूरच्या आत्याला लिवलंय व्हय? मंग द्या, मीच टाकून येतो." मी म्हटलं, पाय दुखेल. तर म्हणाले, "दुखू द्या." बाहेर मोजा न घालता, रसवंतीवरच्या सगळ्या लोकांसमोरून जाणार आहेत म्हणतात. दारात उभे आहेत, म्हणून आवरतं घेतो.